जीपच्या पंख्याचा स्विच

नागपूरला, प्रताप नगरातल्या आमच्या घरी उन्हाळा कूलरच्या आवाजाने सुरू व्हायचा. होळी आटोपली की बाबा परसात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला लोखंडी कूलर ओढून काढायचे, गंजलेल्या पत्र्याला रंग द्यायचे, काळ्या पडलेल्या जुन्या ताट्या फेकून नवा वाळा भरायचे. त्या वाळ्यावर पाण्याची पहिली धार पडली की घरभर जो वास सुटायचा, त्यासाठी मी आजही मार्चमध्ये दुकानात जाऊन नुसता वाळा हुंगून येते. घरी एसी आहे, घ्यायचं काहीच नसतं. दुकानदार मला आता ओळखतो आणि बसायलाही सांगत नाही. तर, आमच्या गल्लीत कुणाच्या कूलरचा पंप अडला, पंखा घरघरला की लोक बाबांना बोलवायला यायचे आणि बाबा मला पुढे करायचे. "रजूले घेऊन जा, तिचा हात चालते," म्हणायचे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हे चाललं होतं. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, पण खरं सांगायचं तर मी वायरिंग शिकले ते गल्लीतल्या कूलरांवर. पंख्याच्या दोन वायरी असतात, त्या कुठल्याही बाजूने जोडल्या तरी पंखा फिरायचा तसाच फिरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेकडो वेळा जोडून ते हातालाच माहीत झालं होतं.

बाबा खनिजं शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी साहेब लोकांना जीपमध्ये घालून जंगलात, नदीच्या पात्रात, जिथे बैलगाडी जायला कुरकुरते तिथे नेलं. वर्षातले सहा महिने ते कॅम्पवर असायचे. परत आले की अंगाला मोहाचा, डिझेलचा आणि चुलीच्या धुराचा असा मिसळलेला वास यायचा आणि आई त्यांना आधी मोरीत पाठवायची. ते निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांची जीपही खात्याने मोडीत काढली आणि लिलावात ठेवली. बाबांनी ती घेतली. आईला न विचारता घेतली. आमच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली ती येऊन उभी राहिली तेव्हा आई दारात हात बांधून उभी होती. "मी म्हटलं आता तरी माणूस घरी राहील," ती म्हणाली, "तर सवतीलेच घेऊन आला." दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मी पाहिलं, वाळवणाच्या कुरडया घातलेली परात उन्हं चांगली लागतात म्हणून तिने जीपच्या बॉनेटवर ठेवली होती.

बाबा दर महिन्याला जीप काढायचे. सोबत शेषरावकाका, म्हणजे कॅम्पवर त्यांच्याबरोबर असलेले खलाशी, तंबू ठोकणारे, सामान वाहणारे. ते बाबांना उस्ताद म्हणायचे. दोघे पवनीच्या पुढे जायचे, नदीच्या रेतीतून जीप पार करायचे आणि पलीकडच्या टेकडीवर, जिथे एकेकाळी त्यांचा तंबू असायचा, तिथे बसून डबा खायचे आणि परत यायचे. बस, एवढंच. यासाठी एवढं डिझेल कशाला जाळायचं ते आईला कधी कळलं नाही आणि बाबांना ते सांगता आलं नाही. मला कळायचं असं मी तेव्हा समजत होते. खरं तर आत्ता, त्यांच्या वयाची झाल्यावर, मला कळतं. मी स्वतः निवृत्त झाल्यानंतर दोनदा रिक्षा करून हिंगणा रोडवर जाऊन आले आहे, माझं जुनं वर्कशॉप बाहेरून बघायला.

त्या वर्कशॉपचीच ही गोष्ट. डिप्लोमा झाला आणि हिंगणा रोडवर ट्रॅक्टर-जीप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपने मला इलेक्ट्रिकच्या कामावर शिकाऊ म्हणून घ्यायची तयारी दाखवली. मी हवेत होते. आई मात्र ऐकायलाच तयार नव्हती. तिने धरमपेठेतून माझ्या मोठ्या मामांना बोलावून घेतलं. मामा बँकेत होते, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय पाटवड्या खाता खाता द्यायचे. त्यांनी खिशात एक स्थळच आणलं होतं, अकोल्याचं.

"ताई, पोट्टीले ग्यारेजात बसवशील तर उद्या कोण करून घेईल तिले?" मामा म्हणाले. "अन् जीप-ट्रॅक्टरचं काम पोरीच्या हातचं हाय का?"

बाबा मामांसमोर फारसं बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "असं करू. माह्या जीपचा फॅन बरोबर लागत नाही, रेतीत इंजिन तापते. ते काम रजू करेल. मी नदी पार करून, टेकडीवर जाऊन परत येतो. गाडी अडली, तर तुम्ही म्हणता तसं. नाही अडली, तर पोरगी कामाले जाईल."

मामा हसले. आईने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. माझ्या आयुष्याचा फैसला एका रेडिएटरच्या पंख्यावर ठेवला गेला.

काम तसं अवघड नव्हतं. जीपच्या रेडिएटरमागे बॅटरीवर चालणारा एक पंखा होता, खात्याच्याच मिस्त्रीने केव्हातरी बसवलेला. पाणी तापलं की तो आपोआप सुरू व्हावा म्हणून रेडिएटरमध्ये एक बटण होतं, ते म्हातारं झालं होतं. कधी वेळेवर लागायचं, कधी इंजिन पार उकळायला आलं तरी लागायचं नाही. बाबांना हवा होता हाताचा स्विच. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढायला लागला की आपल्या हाताने पंखा चालू करायचा, त्या बटणाच्या मर्जीवर राहायचं नाही. मी सदरच्या बाजारात जाऊन रिले, फ्यूज, जाड वायर आणि एक दणकट खटक्याचा स्विच आणला. पंखा फार करंट ओढतो, तो थेट स्विचमधून नेला तर स्विच जळेल, म्हणून मध्ये रिले टाकायचा, बॅटरीजवळ फ्यूज द्यायचा, हे सगळं मी वहीत आकृती काढून केलं. पंखा चालू आहे हे बाबांना कळावं म्हणून स्विचशेजारी एक लाल दिवा बसवला. त्या लाल दिव्यावर मी फारच खूश होते. पंख्याच्या जुन्या वायरी ग्रीस आणि धुळीने इतक्या काळ्या झाल्या होत्या की कुठली कुठली ते ओळखू येत नव्हतं. मी त्या कापून टाकल्या आणि माझ्या नव्या वायरी जोडल्या. कुठली कुठे याचा विचार केला नाही. परीक्षेत मी डीसी मोटरची आकृती काढून चांगले गुण मिळवले होते, पण हात कूलरचे होते.

सकाळची उन्हं अंगणात यायच्या आत आम्ही चाचणी घेतली. बाबा स्टीअरिंगवर बसले, पाठ सरळ, जणू मागे साहेब बसले आहेत. आई हळदकुंकू घेऊन जीपच्या समोर उभी होती. "चालू करा बाबा," मी म्हटलं. खटका वाजला, लाल दिवा लागला आणि पंखा घरघरत सुरू झाला. जाळीतून हवेचा झोत आला, आईचा पदर उडाला, कुंकवाची चिमूट तिच्याच तोंडावर गेली.

"बाप्पा! काय गार हवा येऊन राहिली वं!" आई हसायलाच लागली. शेजारच्या बायकाही येऊन उभ्या राहून वारा घेऊन गेल्या. माझ्या कामाला आईने दिलेली ती पहिली पावती. मला एवढा आनंद झाला की मी आत जाऊन मोरीत थोडी रडून आले. आता सांगते, कारण आता लपवून काय करायचं: त्या जाळीतून बाहेर वारा यायलाच नको होता. पंखा रेडिएटरच्या मागे बसलेला असतो, त्याने समोरची हवा आत ओढायची असते; आणि बॅटरीवरच्या पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या, की कूलरसारखं होत नाही, तो उलटाच फिरतो. समोर उभ्या माणसाला काही लागताच कामा नये. पण आम्ही सगळी नागपूरची माणसं. पंखा लागला आणि तोंडावर वारा आला, म्हणजे काम झालं, हेच आम्हाला जन्मभर माहीत. एकालाही शंका आली नाही. बाबा आत बसून कौतुकाने माझा लाल दिवा बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि शेषरावकाका निघाले. आईने डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा दिला, एक तांब्या पन्हं दिलं. मी दोन दिवस घरात कूलरचं पाणी भरण्यापलीकडे काही केलं नाही. दुपारी सगळी गल्ली दारं लावून पडलेली असायची, प्रत्येक घरातून कूलरची घरघर यायची, आणि मला त्या प्रत्येक आवाजात जीप ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मामा जेवायला आले होते. आईने गोळाभात केला होता, वर तेलाची फोडणी, आणि कढी. मामांनी पहिला घास घेतला आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. एका रिकाम्या ट्रकच्या मागे दोर बांधून आमची जीप आली होती.

बाबांनी पाय धुतले. चूळ भरली. शेषरावकाका आत आलेच नाहीत, दारातूनच हात जोडून निघून गेले. इंजिन उकळून त्याचं गॅस्केट गेलं होतं. मामा पानावरून म्हणाले, "म्या सांगतलं नव्हतं? पोरीनं केलेलं काम, अजून काय होणार!"

"पोरीच्या कामाले नाव ठेवू नका," बाबा म्हणाले. ते आईकडे बघत होते. "तिनं स्विच बरोबर देला होता. मीच लावला नाही."

"काहून?" आईने विचारलं.

"काटा दिसला नाही मले." बाबांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "चार-सहा महिन्यांपासून बरोबर दिसून नाही राहिलं. सांगतलं नाही कोणाले."

कढीचा डाव आईच्या हातात तसाच राहिला. मग आई उठली, बाबांसमोर हात पसरला आणि म्हणाली, "चाबी द्या." बाबांनी दिली. तिने ती पदराला बांधली. "पोरगी जाईल कामाले," ती मामांना म्हणाली. "तिचं काही चुकलं नाही. पण गाडी इकायची. आंधळ्या माणसाले मी जंगलात पाठवत नाही." मला बाबांच्या डोळ्यांचं फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझं वायरिंग बरोबर होतं.

चार दिवसांनी जीप विकण्याआधी मिस्त्री गॅस्केट बदलून गेला. मी सहज, माझाच हात परत बघावा म्हणून, स्विच लावला आणि पुढे जाऊन उभी राहिले. जाळीवर बदामाचं एक वाळलेलं पान अडकलं होतं. ते पान उडून माझ्या अंगावर आलं. मी ते उचलून परत जाळीशी धरलं. परत उडालं. मी तिथेच मातीवर बसले. एवढी वर्षं झाली, तरी ते पान माझ्या हातातून उडताना मला आजही तसंच्या तसं जाणवतं.

शेषरावकाका धरमपेठेत एका दुकानावर चौकीदारी करायचे. मी तशीच सायकल काढली आणि त्यांच्या स्टुलासमोर जाऊन उभी राहिले. "काका, बाबांना काटा दिसला नव्हता का?"

काका रस्त्याकडे बघायला लागले. "मले शपथ घातली हाये उस्तादनं," ते म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "अवं, काट्यावरून त्यायची नजर हालतच नव्हती. स्विच तर रेतीत घुसाच्या आधीच लावला होता. लाल लाइट जळून राहिला, अन् काटा चढून राहिला. आम्हाले काही समजेना. मंग वाफ सुटली. उस्ताद उतरले, गळ्यातला दुपट्टा जाळीले लावला, तर दुपट्टा उडून माह्या तोंडावर. मंग हासले. म्हणे, शेषराव, माह्या पोरीनं गाडीले कूलर बसवला."

"मग?"

"मंग काय. रेतीत बसलो. टेकडी समोर दिसत होती. म्हणे, पैदल जाऊन येऊ का? मग स्वताच नाही म्हणे. तिथंच डबा खाल्ला."

मी घरी आले तेव्हा बाबा परसात, कूलरच्या आडोशाला, आईला दिसणार नाही अशा बेताने पाटावर बसून पेपर वाचत होते. चष्म्याविना. छोट्या जाहिरातींचं पान, जिथे मुंग्यांएवढी अक्षरं असतात. मला बघून त्यांनी पेपर मांडीखाली सारला.

"बाबा, फॅन उलटा फिरते."

"माहीत हाये."

"मग तुम्ही असं काहून सांगतलं? मी आत्ता जाऊन आईले सांगते."

"सांग ना. मामा संध्याकाळपर्यंत इथं येऊन बसतील. तुह्या आईनं एकडाव हो म्हटलं हाये, रजू. दुसऱ्यांदा हो नाही म्हणाची ती."

"अन् तुमची गाडी?"

"तीस साल चालवली ना. माही हौस झाली आता."

हौस झाली नव्हती. गेल्याच आठवड्यात त्यांनी शेषरावकाकांबरोबर पुढच्या महिन्याचं ठरवलं होतं, मी ऐकलं होतं. माझ्यापासून स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. आई आत लाटण्याचा आवाज करत होती. मी आत गेले असते, दोन वाक्यं बोलले असते, तर चाबी परत मिळाली असती आणि माझं वर्कशॉप गेलं असतं. मी गेले नाही. मला ते काम हवं होतं, फार हवं होतं, आणि मी तिथेच पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिले. याला मी नंतर पुष्कळ नावं देऊन पाहिली. बापाचा मान राखला, त्यांची इच्छा मानली, वगैरे. वयाने एक फायदा होतो, स्वतःला फसवायचा कंटाळा येतो.

"पान्हा आण," बाबा म्हणाले. "गाडी घेणाऱ्याले उलटा फॅन नाही द्यायचा."

दहा मिनिटांचं काम होतं. दोन वायरी, अदलाबदल. बाबा जाळीशी उभे राहिले, मी स्विच लावला. त्यांनी रुमाल धरला, तो जाळीला जाऊन घट्ट चिकटला. त्यांनी तो सोडला तरी पडला नाही. "आता बरोबर," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे पस्तीसेक वर्षं मी ट्रॅक्टर, जीपा, बुलडोझर, काय काय वायरले. हाताखाली पोरं-पोरी शिकल्या. एकही पंखा रुमाल लावल्याशिवाय मी बाहेर जाऊ दिला नाही.

आईने मात्र बाबांचे डोळे आपल्याकडे घेतले ते कायमचे. ती रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची. तिचं वाचन अडखळत व्हायचं, बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि पुढची ओळ त्यांना पाठ असायची, कारण पहाटे अंगणात त्यांनी तो वाचलेला असायचा. रस्ता ओलांडताना ती त्यांचा दंड धरायची. तांदूळ निवडायला मागितले तर म्हणायची, राहू द्या, तुमाले खडे दिसाचे नाहीत. पुढे वयाप्रमाणे मोतीबिंदू खरोखरच झाला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वच्छ दिसतं म्हणून सांगितलं. आईचा विश्वास बसला नाही. बाबांनीही तिला कधी पटवायचा प्रयत्न केला नाही. ती हात धरते हे त्यांना आवडायला लागलं असावं, असं मी स्वतःला सांगते. आज दोघेही नाहीत आणि विचारायला कुणी उरलं नाही.

पण मला सोडत नाही ती जीप गेली ती सकाळ. एका गिट्टीखाणवाल्याने घेतली होती. बाबांनी त्याला जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं, क्लच कसा आहे, दुसरा गिअर कधी अडतो, रेतीत टायरची हवा किती कमी करायची, काटा कुठे आला की स्विच लावायचा. त्याने जीप फाटकातून काढली. आमच्या घरापासून चौकापर्यंत रस्ता अगदी सरळ होता, मध्ये एक झाडही नव्हतं. आई, बाबा आणि मी फाटकात उभे होतो. आईने बाबांचा दंड धरला होता. एवढे दिवस तिचा राग होता, तो त्या सकाळी पार गेला होता.

"गेली जी," ती हळूच म्हणाली. "दिसून राहिली का तुमाले?"

बाबा सरळ जीपकडे बघत होते. मागच्या पत्र्यावरचा खात्याच्या जुन्या अक्षरांचा पुसट डाग मलाही दिसत होता.

"नाही," ते म्हणाले. "मले नाही दिसून राहिली."

मग आई त्यांना सांगत गेली. आता दुकानापाशी पोचली. आता त्यानं ब्रेक लावला, गाय आडवी आली. आता निघाली. आता चौकात वळून राहिली. बाबा डोळ्याची पापणी न हलवता बघत होते आणि प्रत्येक वाक्याला "असं का," "असं का," म्हणत होते. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, आणि मी काहीच बोलले नाही.